धोंडूतात्यांचे गाऱ्हाणे

माझा प्रबंध टंकलिखित होऊन आला तेव्हा पहिल्या पानावर आभार मानायचे राहिले होते. मी आमच्या प्रोफेसरांचे नाव लिहिले, प्रयोगशाळेतल्या सहायकाचे लिहिले आणि त्याखाली लिहिले, 'श्री. धोंडू शिवलकर, रत्नागिरी.' प्रोफेसरांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "हे गृहस्थ कोणत्या संस्थेचे?"

मी म्हणालो, "तरीचे, सर."

"तरी म्हणजे?"

"आमच्या खाडीवर होडी चालवतात. माणसे पलीकडे नेतात."

प्रोफेसर भले माणूस. ते हसले नाहीत. "मग त्यांनी तुम्हाला नक्की काय मदत केली ते एका वाक्यात लिहा. वाचणाऱ्याला कळले पाहिजे," असे म्हणाले. मी ते कागद खोलीवर नेले आणि पुष्कळ वेळ बसलो, पण ते एक वाक्य मला जमेना. शेवटी नुसते नावच राहू दिले. जे एका वाक्यात बसले नाही ते इथे जरा सविस्तर सांगून पाहतो. मला लिहिण्याची सवय प्रबंधापुरतीच आहे, तेव्हा काही मागेपुढे झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमचे गाव काजळीच्या खाडीच्या दक्षिण काठावर. शाळा, कचेरी, इस्पितळ, बाजार, आगबोटीचा धक्का हे सगळे उत्तर काठावर, रत्नागिरी शहरात. मधे पूल नाही. त्यामुळे गावातल्या माणसाच्या आयुष्यात काहीही घडायचे असले, तर आधी त्याला धोंडूतात्यांच्या होडीत बसावे लागे. मी इंग्रजी शाळेत जायला लागलो तो त्यांच्या होडीतून आणि मॅट्रिक झाल्याचे कळले तेही त्यांच्याकडूनच. ते पलीकडून अर्ध्या खाडीत आले असतील, तिथूनच ओरडले, "दत्तूऽ! सुटलास रे मेल्याऽ!" आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. वडील सुंभ वळायचे. त्यांनी हातातला सुंभ तसाच धरून आईला विचारले, "सुटला म्हंजे पास झाला, की शाळेतनं काढला?"

तात्या अंगाने बुटके, मानेने जाड आणि आवाजाने अफाट. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला एक लाल फडके आणि पावसाळ्यात पाठीवर इरले. त्यांची बायको म्हणायची, "हे घरात कुजबुजले तरी शेजारीण 'ओ' देते." त्या आवाजाला खाडीची रुंदी कमीच पडायची. पलीकडच्या काठावर उतारू उभा दिसला की ते इकडून त्याला घरची खुशाली विचारीत आणि तो बिचारा घशाच्या शिरा ताणून उत्तर देई. त्यामुळे पावस-गोळपकडच्या माणसांची घरगुती दुखणी दोन्ही काठांना ठाऊक असत.

जगाविषयी त्यांची मते ठाम होती आणि बहुतेक चुकीची होती. साहेब हिंदुस्थानात का आला, याचे कारण त्यांनी मला लहानपणी सांगितले होते. "विलायतेत खाडी नाय. नुसता दर्या. खाडी नाय तर कालवां नाय, खुबे नाय, शिंपल्या नाय. मंग मानूस खानार काय? आला हिकडं." पुढे मी कॉलेजात गेल्यावर एकदा भीतभीत सांगितले की तात्या, तिकडेही खाड्या आहेत. ते म्हणाले, "असतील. पन चव नसंल."

त्यांची एक सवय मला अजून ऐकू येते. दिवेलागणीच्या आधीची शेवटची होडी सोडताना ते फळी आत ओढून घेत, वल्हे वाळूत रोवून काठाकडे तोंड करीत आणि हाक देत, "कोन ऱ्हायला काऽ?" वाळू लांबवर मोकळी दिसत असली तरी हाक द्यायची. मग थोडे थांबायचे आणि पुन्हा एकदा द्यायची. होडीतली माणसे वैतागत. "अवो तात्या, कोन दिसतंय काय? कुरल्या-खेकड्यांना न्यायचाय काय पलीकडं?" तात्या लक्ष देत नसत. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "एकदा न इचारता सोडली व्हती. मानूस सुरूच्या झाडामागं बसलेला. त्याची बायको पलीकडं इस्पितळात व्हती." त्यापुढे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही. 

मात्र होडीपेक्षाही त्यांचा जीव होता तो गाऱ्हाण्यावर. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शिमग्याला गावदेवीची पालखी निघते. ती सहाणेवर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या दगडी ओट्यावर, येऊन बसली की सारा गाव भोवती उभा राहतो. मुंबईहून आलेले चाकरमानीही असतात. मग एक माणूस नारळ हातात धरून देवीला साऱ्या गावाच्या वतीने मोठ्याने मागणे घालतो. त्याचे प्रत्येक वाक्य संपले की गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" असे म्हटले की ते मागणे सगळ्यांचे झाले. त्यात एखादा शब्द दिलेला असला, तर तो सगळ्यांनी दिला असे होते.

हे गाऱ्हाणे घालण्याचा मान तात्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. त्या आवाजाचा खरा उपयोग वर्षातून त्या एकाच दिवशी व्हायचा. एरवी तरीवर चेष्टा करणारी माणसे त्या दिवशी त्यांच्यासमोर हात जोडून उभी असत. तात्या आदल्या दिवसापासून मीठ खात नसत आणि कुणाशी बोलत नसत. त्यांची बायको म्हणे, "वरसातनं एक दिस माज्या कानांना सुट्टी." या मानाला एक नियम होता. काय मागायचे ते मानकऱ्यांनी आधी बसून ठरवायचे आणि तेवढेच बोलायचे. गाऱ्हाणे घालणाऱ्याने पदरचा शब्द घालायचा नाही.

आता माझ्या कामाकडे येतो. एम.एस्सी. झाल्यावर मला पुढच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली. पीएच.डी. ही पदवी आमच्याकडे तेव्हा नवी होती. तिच्याबद्दल मला कुणी सांगू शकेल असे गावात काय, तालुक्यातही माणूस नव्हते. प्रोफेसरांनी विषय दिला तो माझ्या अंगणातला होता. खाडीतल्या कालवांची, म्हणजे खडकावरच्या त्या खायच्या शिंपल्यांची, पिल्ले कुठून येतात, खडकाला कधी चिकटतात आणि पावसाळ्यात खाडी गोडी झाली की त्यांचे काय होते, हे पाहायचे. मला फार आनंद झाला. पण यासाठी वर्षभर खाडीवर राहून, भरती-ओहोटीला पाणी काढून, ते ताजे असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागणार होते. शिष्यवृत्ती होती ती मुंबईत राहण्या-जेवण्याची. सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेच्या दाराबाहेर नेता येत नव्हता. होडी, बारीक विणीचे जाळे, बरण्या, स्पिरिट, पाण्याचा खारटपणा मोजायची काचेची नळी, यातले काहीच कुणी देणार नव्हते. जागेवर जाऊन करायच्या अभ्यासाचा खर्च उमेदवाराने सोसावा, असा नियम होता. प्रोफेसरांनी माझ्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला आणि दोन्हीकडून नकार आला. ते म्हणाले, "या पावसाळ्याच्या आधी काम सुरू झाले नाही, तर तुमचे नाव कमी करतील. विषय बदला. टेबलावर बसून होईल असा घ्या."

मी गावी आलो तो मनाशी हार मानूनच. देवरुखच्या शाळेत मास्तरकीची जागा निघाली होती. तिथे जाऊन भेटायचे ठरवले होते. तरीत बसलो तेव्हा तात्यांनी विचारले, "तोंड का असा उतरला?" मी सांगितले. त्यांना ते समजेल असे वाटले नव्हते. ते वल्हे मारीत ऐकत होते. खाडीच्या मध्यावर आल्यावर म्हणाले, "म्हंजे कालवां हिकडं आनि भिंग तिकडं. खडक तर हलनार नाय. मंग भिंगच आनूया की."

"कसे आणणार, तात्या?"

"मागून."

"कुणाकडे?"

"ता बघू. आयशीकडं मागितल्याबगर ती पन जेवाय वाढत नाय."

त्या दिवसापासून तात्यांनी मला 'डाक्टर' म्हणायला सुरुवात केली. मी म्हटले, तात्या, अजून झालो नाही, आणि झालो तरी औषधाचा नव्हे. त्यांनी यातले पहिले वाक्यसुद्धा नीट ऐकले असेल असे वाटत नाही. होडीत जो बसेल त्याला ते सांगू लागले, "आपला दत्तू डाक्टर व्हतोय. मुंबैचा मोठा." चार दिवसांत आमच्या अंगणात खोकणारी एक म्हातारी येऊन बसली, पाठोपाठ पोट फुगलेली म्हैस घेऊन एक माणूस आला. मी दोघांची समजूत घालता घालता घामाघूम झालो. म्हैसवाला तर रागावलाच. "आमची ढोरां म्हनून बघत नाय काय? शहाना!"

तात्यांना बोलावले. त्यांनी येऊन तोडगा काढला तो असा. "अगो, ह्यो मानसांचा डाक्टर न्हवं. कालवांचा."

ओहोटीला खडकावर कालवे फोडणारी भागीरथी तिथेच टोपली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "या बया! कालवांना काय व्हतंय? खोकतात काय ती?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. पण ती आपली टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली, "पन खरा, आखाडात मरतात गो. खडकच्या खडक उघडी पडतात. मंग माज्या चुलीचा काय व्हता, ता माजा मला म्हाईत. बघूदे त्याला." तात्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू तो प्रश्न त्यांनीच तिला शिकवला होता.

मग ते मला बाबलशेटकडे घेऊन गेले. बाबलशेट म्हणजे आमच्या गावचे थोरले मानकरी. आंब्याच्या बागा, दोन गलबते, आणि रत्नागिरीच्या बाजारात पेढी. माणूस वाईट नव्हता, पण ज्याला वर्षभर लोक काही ना काही मागतात त्याच्या चेहऱ्यावर जो कंटाळा येतो तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. ओटीवर चढण्याआधी तात्यांनी मला अंगणातच बजावले, "हे बघ, मागताना खाली बघायचा नाय. मागनारा खाली बघला की देनारा पन खाली बघतो, आनि मंग दोघांना आपापली पावलाच दिसतात."

मी खालीच पाहिले. बाबलशेटनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ह्या अभ्यासाचा उपयोग काय?"

मी खरे ते सांगितले. म्हणालो, "ते आत्ताच सांगता येणार नाही."

"किती वरसांनी सांगता येईल?"

"तेही नक्की नाही."

बाबलशेटनी सुपारी कातरायला घेतली. म्हणजे आम्ही उठावे. परत येताना तात्या पाणंदभर माझ्या पुढे झपझप चालत होते. तरीजवळ आल्यावर एकदम फुटले. "अरे मेल्या, 'सांगता येत नाय' असा कोन सांगतो? सांगायचा की मोती गावतील! सोना गावंल!"

"पण गावणार नाही, तात्या."

त्यांनी होडी पाण्यात लोटली. वल्हे हातात घेऊन म्हणाले, "नाय बोललास खोटा, ता बरा झाला. पन आता तुज्या तोंडानं मागून व्हनार नाय. दुसऱ्याच्या तोंडानं मागला पायजे." मला वाटले, ते आणखी कुणा शेटजींबद्दल बोलत आहेत.

त्या वर्षीच्या शिमग्याला मुंबईची पुष्कळ माणसे आली होती. पालखी सहाणेवर बसली, ढोल थांबले. ऊन अजून वर आले नव्हते. तात्या नारळ घेऊन पुढे झाले. मी नेहमीप्रमाणे मागे, फणसाच्या बुंध्याजवळ उभा होतो. गाऱ्हाणे सुरू झाले.

"हे आई नवलाई, पावनाई! बारा वाडीच्या राखनदारनी!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरा तुज्या दारात उभी हायत. काय चुकला-माकला असंल ता पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यावर गेलेल्याला काठ दाव, मुंबैस गेलेल्याला घर दाव!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला एक लय असते. एकदा ती लागली की माणूस शब्द ऐकत नाही, नुसता शेवटचा हेल ऐकतो आणि ओरडतो. मीसुद्धा ओरडत होतो. त्याच लयीत, हेल तसूभर न बदलता, तात्या म्हणाले,

"ह्या गावचा पोर खाडीच्या कालवांची इद्या करतोय, त्याला भिंग लागता, होडी लागता, जाळा-बरन्या लागतात, ता सगळा ह्या बारा वाड्या मिळून पुरवनार, तू साक्ष ऱ्हा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज बाबलशेटचा होता. तो विरला. ज्यांना कळले ते ज्यांना कळले नव्हते त्यांच्याकडे पाहू लागले. तात्यांनी उरलेले गाऱ्हाणे शांतपणे पुरे केले आणि नारळ वाढवला.

बाबलशेट पुढे आले. "धोंड्या, हा काय बोललास?"

"मी नाय बोललो, शेट. मी नुसता इचारला. बोललाव तुमी. देवीच्या समोर."

मागे कुणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. चाकरमान्यांतला एकजण म्हणाला, "खरा हाय त्याचा. मी पन बोललो." दुसरा म्हणाला, "मी तर दोनदा बोललो." पण मानकऱ्यांचे चेहरे उतरले होते. ते सहाणेच्या एका अंगाला जाऊन आपसांत बोलले. बाबलशेट परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागापेक्षा काहीतरी जड होते. ते साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "शब्द गेला. तो गाव पाळनार. माजा वाटा सगळ्यांत आधी. पन धोंड्या, न ठरवलेला बोलना देवीपुढं घातलास. आज एका पोरासाठी घातलास, उद्या कोन सोतासाठी घालंल. फुडल्या शिमग्यापासनं गाऱ्हाना तू नाय घालायचा."

हे होणार, हे तात्यांना आधीपासून ठाऊक होते, हे मला तेव्हा त्यांच्याकडे पाहून कळले. त्यांनी डोक्याचे लाल फडके काढले, सहाणेला हात लावला आणि बाबलशेटकडे पाहून म्हणाले, "व्हय म्हाराजा."

नेहमीचा आवाज नव्हता तो. पहिल्याच रांगेपर्यंत गेला असेल; मी तो ओठांवरून ओळखला.

दुसऱ्या दिवशी मी बाबलशेटकडे गेलो. मला काही नको, मी देवरुखला जातो, तात्यांचा मान त्यांना द्या, असे सांगायचे ठरवले होते आणि तसे सांगितलेही. या वेळी खाली पाहिले नाही. बाबलशेट म्हणाले, "तुजा काय संबंध? शब्द देवीला दिलाय, तुला नाय. आनि मान धोंड्याचा गेलाय, तुजा नाय. तू आपली कालवां बघ." मग पाट पुढे सरकवून म्हणाले, "बस. च्या घे."

गावाने शब्द पाळला. बाबलशेटनी एक लहान होडी दिली. लोणच्याच्या बरण्या घराघरांतून आल्या. काहींच्या तळाला तेलाचा वास शेवटपर्यंत होता. गिरणीत विणकर असलेल्या एकाने जाळ्यासाठी इतके बारीक कापड आणून दिले की प्रोफेसरांनी ते बोटांनी चाचपून पाहिले आणि कुठे मिळाले म्हणून विचारले. भागीरथीने काय दिले, तर आपल्या वाट्याच्या खडकाचा एक तुकडा. "ह्याला मी वरसभर कोयता लावनार नाय. तू मोज." सूक्ष्मदर्शक मुंबईच्या गावकरी मंडळींनी मिळून एका जुन्या सामानाच्या दुकानातून घेतला. मी तो आगबोटीने आणला. बंदरात आगबोटीतून पडावात, म्हणजे काठाला नेणाऱ्या होडीत, उतरताना तात्या स्वतः आले होते. ती पेटी त्यांनी मांडीवर घेतली आणि काठ येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

पेटी देताना मानकऱ्यांनी एक अट घातली होती. ही वस्तू गाऱ्हाण्यातून आली, म्हणून ती देवीची. माझे काम झाले की ती देवळाच्या कोठीत, पालखीच्या रुप्यांशेजारी, म्हणजे देवीच्या चांदीच्या मुखवट्यांशेजारी, ठेवायची. मी कबूल झालो.

तात्यांनी पहिल्यांदा भिंगातून पाहिले तेव्हा ते दचकून मागे सरले. "केसाळ जनावर हाय रे! काळा काळा!" त्यांच्या स्वतःच्याच पापण्या होत्या त्या. डोळा कसा धरायचा ते शिकवायला अर्धा दिवस गेला. मग एकदा त्यांना ते दिसले. कालवाचे पिल्लू, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, पाण्यात भिरभिर फिरणारे. तात्या पुष्कळ वेळ वाकून राहिले.

"ही कालवां? पोहतायत?"

"लहानपणी पोहतात."

"आनि मंग?"

"बरी जागा मिळाली की चिकटतात. मग जन्मभर हलत नाहीत."

"म्हंजे आपल्या उलटा," ते म्हणाले. "आपली पोरा आधी चिकटलेली असतात. मंग पोहत मुंबैला जातात." आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

ते वर्षभर माझ्याबरोबर आले. तरीचे काम भाच्याकडे सोपवून भरती साधून ते मला हरचिरीपर्यंत वर नेत. आषाढात इरले पांघरून आम्ही पाणी काढत असू. कळशीत काचेची नळी तरंगत सोडून मी आकडा पाहायच्या आत ते पाणी जिभेवर घेऊन खारटपणा सांगून टाकीत. बहुधा चुकत. चुकले की नळीला शिव्या देत. "काचेला काय जीभ असता?" या दिवसांत मी एकदा मानाचा विषय काढला. ते वल्हे मारीत होते. म्हणाले, "बापसानं मला गाऱ्हाना शिकवला तवा सांगितला व्हता, सोतासाठी एक शब्द मागायचा नाय. मी मागला नाय. बापूस वर भेटला तर तेवढा सांगीन. बाकीचा तो बघून घेईल."

पुढच्या शिमग्याला गाऱ्हाणे बाबलशेटच्या पुतण्याने घातले. मी तेव्हा गावातच होतो. तात्या सहाणेवर आले नाहीत. ते तरीवर होते. होडी काठाला ओढून तिला डांबर लावीत बसले होते. त्या दिवशी डांबर लावायची काही गरज नव्हती.

प्रबंध पुरा झाला, पदवी मिळाली. पावसाचे गोडे पाणी खाडीत नेमके किती दिवस राहिले म्हणजे कालवे मरतात आणि कोणत्या खडकांवरची वाचतात, एवढे मला सांगता आले. मोती सापडले नाहीत. भागीरथीला मी ते वाचणारे खडक दाखवले तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यासाठी एवढा भिंग?" पण पुढच्या आषाढात ती त्याच खडकांवर दिसली.

कबूल केल्याप्रमाणे मी सूक्ष्मदर्शक परत घेऊन शिमग्याला गावी आलो आणि तो कोठीत ठेवला. या वेळी तात्या सहाणेवर आले होते. पण पुढे नव्हते. माझ्याच जुन्या जागी, फणसापाशी, माणसांच्या अगदी मागे उभे होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. पुतण्याचा आवाज बारीक. दोनदा अडखळला. तात्यांचे ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता. नेहमीची मागणी झाली. मग तो पोरगा थांबला, त्याने मानकऱ्यांकडे एकदा पाहिले आणि म्हणाला,

"देवीच्या कोठीत जी इद्येची वस्तू हाय, ती ह्या वरसी वरच्या वाडीच्या शंकरला देतो हाव. तो सड्या-माळावरच्या झाडा-गवताचा अभ्यास करतोय. आनि त्याला जा लागंल ता बारा वाड्या मिळून पुरवनार!"

म्हणजे हे मानकऱ्यांनी आधी बसून ठरवले होते. ते आता गाऱ्हाण्यात आले होते. मी बाबलशेटकडे पाहिले. ते समोर पालखीकडे पाहत होते.

तेवढ्यात माझ्या कानाशी तो आवाज उठला. गावाने तोंड उघडण्याच्या एक क्षण आधी उठला आणि गावाचा आवाज संपल्यावरही राहिला. "व्हयऽ म्हाराजाऽ!" पुढच्या रांगेतली माणसे वळून पाहू लागली. खाडीपलीकडे शहरात कुणी ऐकला असेल तर मला नवल वाटणार नाही.

मी तात्यांना शेवटचे पाहिले ते त्याच दिवशी संध्याकाळी. मला दुसऱ्या दिवशीची आगबोट गाठायची होती, म्हणून शेवटच्या तरीने निघालो. होडीत आम्ही चार-पाच जण होतो. तात्यांनी फळी आत ओढली, वल्हे वाळूत रोवले आणि काठाकडे तोंड केले.

"कोन ऱ्हायला काऽ?"

वाळू मोकळी होती. कुणीतरी कुरकुरले. तात्यांनी पुन्हा हाक दिली.

इतक्या वर्षांत त्या हाकेला काठावरून कुणी ओ दिल्याचे मी ऐकले नव्हते. त्या दिवशी सुरूच्या झाडांमागून आवाज आला. "ऱ्हायलोऽ! तात्याऽ, थांबा!" वरच्या वाडीचा शंकर धापा टाकीत वाळूतून येत होता. दोन्ही हातांनी छातीशी ती पेटी धरली होती. त्याला पलीकडून मोटारीने लांज्याला मामाकडे, तिथल्या सड्यावर काम करायला, जायचे होते आणि कोठीची किल्ली मिळायला उशीर झाला होता.

तात्यांनी फळी परत बाहेर टाकली. शंकर नवाच मुलगा. सगळ्यांना थांबवले म्हणून ओशाळला होता, पण त्यालाही तात्यांचा तो मागण्याचा धडा कधीतरी मिळालेला दिसत होता. पेटी घेऊन मान ताठ, नजर सरळ तात्यांच्या तोंडाकडे ठेवून तो फळीवर चढू लागला.

"अरे मेल्या," तात्या म्हणाले, "आता खाली बघ. फळी ओली हाय."